हप्ते फिटलेली स्टिंगरे देऊन झी-06 घ्यावी का?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मिशिगनमध्ये ट्रॉय येथे राहता. तुमच्याकडे 2017 सालची शेवरोले कॉर्व्हेट स्टिंगरे आहे. ती झी-51 या ट्रॅकला सोयीच्या पॅकेजची, सात गिअरांची मॅन्युअल, 29,000 मैल चाललेली आहे आणि तिचा शेवटचा हप्ता गेल्या मार्चमध्ये फिटला. एका डीलरकडे 2018 सालची मॅन्युअल झी-06, म्हणजे कॉर्व्हेटचीच अधिक ताकदीची आवृत्ती, विक्रीला असून तिची किंमत 62,000 डॉलर आहे. तो डीलर तुमची गाडी 34,000 डॉलरला घेण्यास तयार आहे, आणि तशीच गाडी खासगी विक्रीत 38,000 च्या आसपास जाते असे तुम्ही स्वतः पाहिले आहे. उरलेली रक्कम साडेसात टक्के व्याजाने, पाच वर्षांच्या कर्जातून उभी करण्याचा विचार आहे. दोन वर्षांत तुम्ही पाच ट्रॅक डे केले, म्हणजे पाच दिवस आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवली, आणि साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर सरळ पट्टा आला की झी-06 वाले तुम्हाला मागे टाकून निघून जातात, ही गोष्ट तुमच्या मनाला लागली आहे.

माझे मत असे आहे की हा बदल यंदा करू नये. डेट्रॉइट परिसरात वाहन-चाचणीच्या कामात माझी 22 वर्षे गेली आणि त्यातली 14 वर्षे मी सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर शिकवत आलो आहे. या काळात नेमका हाच प्रश्न मला अनेकांनी विचारला. ज्यांनी विचारला त्यांतले बहुतेक जण आर्थिकदृष्ट्या ती गाडी पेलू शकत होते, आणि तुम्हीही पेलू शकाल असे तुमच्या आकड्यांवरून दिसते. म्हणून मी पैशांपासून सुरुवात करत नाही. आधी हे ठरले पाहिजे की आज तुमच्या लॅपचा, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचा, वेळ तुमची गाडी अडवून धरते आहे, की तुमचे चालवणे.

सरळ पट्ट्यात पुढची गाडी निघून जाते तेव्हा आपले लक्ष तिच्या इंजिनाकडे जाते. 2014 चे मॉडेल म्हणून आलेल्या स्टिंगरेचे 6.2 लिटरचे एलटी1 इंजिन 455 अश्वशक्तीचे आहे, परफॉर्मन्स एक्झॉस्ट असेल तर 460. झी-06 मध्ये त्याच घनफळाचे, पण सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) बसवलेले एलटी4 इंजिन 650 अश्वशक्ती देते. हा फरक खराच मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. तरीही पट्ट्याच्या शेवटी किती वेग गाठला जातो हे पुष्कळ अंशी त्या पट्ट्याच्या सुरुवातीला, म्हणजे मागच्या वळणातून बाहेर पडताना ठरते. वळणातून चार-पाच मैलांनी कमी वेगाने निघालेली गाडी ती तूट संपूर्ण पट्टाभर सोबत वाहून नेते. अधिक ताकदीची गाडी ही तूट झाकते, भरून काढत नाही, आणि चालकाला आपण चुकतो आहोत हे कळेनासे होते.

हे पडताळून पाहण्याचे साधन तुमच्या गाडीत बहुधा आधीच आहे. 2015 पासून कॉर्व्हेटमध्ये परफॉर्मन्स डेटा रेकॉर्डर, म्हणजे पीडीआर, मिळू लागला. तो असेल तर समोरचे चित्रीकरण, वेग, ब्रेक, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) आणि स्टिअरिंगचा कोन हे सगळे एका एसडी कार्डावर जमा होते. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याबरोबर मी जिंजरमॅनवर संध्याकाळी बसलो होतो. गाडी तुमच्यासारखीच झी-51 होती. मागची काच वर उचलून, टायरच्या दाबाच्या मापकाशेजारी लॅपटॉप ठेवून आम्ही दिवसाच्या शेवटच्या सत्राचा आलेख उघडला. ब्रेक सुटल्यापासून थ्रॉटलवर पाय पडेपर्यंतची रेघ जवळजवळ प्रत्येक वळणात सपाट होती. कुठे एक सेकंद, कुठे दीड. त्या वेळात गाडी ना थांबत होती ना धावत होती, नुसती वाहत होती. अकरा वळणांच्या ट्रॅकवर असे सेकंद गोळा होत गेले तर किती होतात याचा हिशेब त्यानेच केला आणि बराच वेळ तो पडद्याकडे पाहत राहिला. दिवसभर त्याने मला ‘एक्झॉस्ट बदलावा का’ असे विचारले होते. त्या संध्याकाळनंतर तो विषय निघाला नाही. पुढच्या हंगामात त्याने गाडीला ब्रेक पॅड आणि उच्च तापमान सोसणारे ब्रेक फ्लुइड एवढेच घातले, प्रत्येक वेळी प्रशिक्षक शेजारी बसवला, आणि त्याच ट्रॅकवर तो चार सेकंदांनी लवकर येऊ लागला.

तुमच्या पाच दिवसांपैकी निदान शेवटच्या दोन दिवसांचे आलेख याच नजरेने पाहा. लागोपाठच्या पाच लॅपांत तुमचा वेळ एका सेकंदाच्या आत राहतो का? ब्रेक लावण्याची जागा दर वेळी तीच असते का? ॲपेक्सच्या, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेला गाडी सर्वांत जवळ येते त्या बिंदूच्या, आधी की नंतर तुम्ही थ्रॉटलवर येता, आणि आलात की पुन्हा पाय काढता का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर तुम्ही तुमच्या गाडीच्या मर्यादेजवळ आला आहात असे मी मानेन आणि माझा सल्ला बदलेल. पाच दिवसांच्या अनुभवात तसे होणे दुर्मीळ असते. अशक्य असते असे म्हणत नाही.

रस्त्यावरच्या वापराबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. तुमची आजची गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ताशी 70 मैलांची फ्रीवेची मर्यादा ओलांडते. कंपनीच्या आकड्यांनुसार शून्य ते 60 मैलांसाठी झी-51 ला 3.8 सेकंद लागतात आणि मॅन्युअल झी-06 ला 3.2. वुडवर्ड ॲव्हेन्यूवरच्या सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत त्या सहा दशांश सेकंदांचा उपयोग काय, हे तुम्हीच ठरवा.

आता पैसे. ‘गाडी फिटली आहे, त्यामुळे डाउन पेमेंट आयतेच आहे’ असे तुम्ही लिहिले आहे, आणि मला सर्वांत जास्त खटकले ते हे वाक्य. हप्ते संपले म्हणून ते 38,000 डॉलर फुकटचे होत नाहीत. तुमचे तेवढे पैसे त्या गाडीच्या रूपाने गॅरेजमध्ये उभे आहेत. आज कोणी तुमच्या हातात 38,000 डॉलर रोख ठेवले आणि तुमच्याकडे कोणतीही गाडी नसती, तर त्यांत आणखी कर्ज घालून तुम्ही ही झी-06 घेतली असती का, असा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. अनेकांचे उत्तर याच टप्प्यावर बदलते.

ट्रेड-इनमुळे, म्हणजे जुनी गाडी डीलरलाच देऊन दुसरी घेतल्यामुळे, कर वाचतो, हे डीलरचे म्हणणे मिशिगनमध्ये अर्धेच खरे आहे. येथे 6 टक्के विक्रीकर आहे, आणि जुन्या गाडीची संपूर्ण किंमत करपात्र रकमेतून वजा होत नाही. ही मर्यादा 2019 मध्ये 5,000 डॉलर होती, दर वर्षी ती 1,000 ने वाढत गेली आणि 2025 साठी ती 11,000 होती. म्हणजे 2025 च्या मर्यादेने तुमच्या 34,000 पैकी फक्त 11,000 वजा होतील, आणि 51,000 वर 3,060 डॉलर कर पडेल. ट्रेड-इन केल्यामुळे वाचलेला कर होतो केवळ 660 डॉलर. त्यासाठी तुम्ही खासगी विक्रीतले 4,000 डॉलर सोडून देत आहात, म्हणजे सोयीपायी 3,340 डॉलर जातात. हाच व्यवहार न्यू जर्सीत झाला असता तर तेथे जुन्या गाडीची पूर्ण किंमत वजा होते आणि कर 6.625 टक्के आहे, त्यामुळे सुमारे 2,250 डॉलर वाचले असते आणि फरक पुष्कळ कमी झाला असता. कॅलिफोर्नियात याउलट काहीच वजा होत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या मित्राने दिलेला सल्ला त्यामुळे तुम्हाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

डीलरच्या मार्गाने गेलात तर कराची रक्कम धरून कर्ज 31,060 डॉलरचे होईल. साडेसात टक्क्यांनी 60 महिन्यांचा हप्ता सुमारे 622 डॉलर येतो आणि पाच वर्षांत सुमारे 6,280 डॉलर व्याज जाते. यात विम्याची वाढ नाही. मिशिगनमध्ये वाहनविमा देशातल्या महागांपैकी आहे, म्हणून विमा कंपनीकडून त्या गाडीच्या व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांकावर लेखी कोटेशन घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. येथे वार्षिक नोंदणी शुल्कही गाडीच्या मूळ छापील किमतीवरून ठरते. 2014 ची स्टिंगरे बाजारात आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत सुमारे 52,000 डॉलर होती आणि 2015 च्या झी-06 ची सुमारे 79,000, हे लक्षात घेतले तर तेथेही दरवर्षी थोडा अधिक भार पडेल. सर्वसाधारण पॉलिसी ट्रॅकवरचे नुकसान बहुधा भरून देत नाही. त्यासाठी प्रत्येक दिवसापुरता वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि त्याचा हप्ता गाडीच्या जाहीर किमतीनुसार वाढतो.

खरा खर्च मात्र चाकांपाशी होतो, आणि याचा अंदाज आधी कोणालाच येत नाही. तुमच्या गाडीला पुढे 245 आणि मागे 285 रुंदीचे टायर आहेत. झी-06 ला पुढे 285 आणि मागे 335 लागतात. तुमच्या पुढच्या आणि तिच्या मागच्या टायरची केवळ छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली तरी बिलाची कल्पना येईल. ब्रेकचे गणितही सरळ आहे. स्टिंगरेचे वजन सुमारे 3,300 पौंड आहे आणि झी-06 चे 3,524. समजा तुमची गाडी पट्ट्याच्या शेवटी 130 मैलांचा वेग गाठते आणि झी-06 140 मैलांचा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वजन धरून दर वेळी ब्रेकांना सुमारे 24 टक्के अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. त्यासाठीच तिला मोठे रोटर, म्हणजे ब्रेकच्या चकत्या, दिले आहेत, आणि मोठे रोटर व पॅड बदलायला मोठी रक्कम लागते. झी-07 हे ट्रॅकसाठीचे पॅकेज असेल तर रोटर कार्बन-सिरॅमिकचे असतात. ते रस्त्यावर दीर्घकाळ टिकतात, पण ट्रॅकवर नेमाने वापरून संपवले तर बदलण्याचा खर्च धडकी भरवणारा असतो. त्या पॅकेजबरोबर येणारे मिशेलिन पायलट स्पोर्ट कप 2 टायर थंडीत पकड सोडतात आणि कडक गारठ्यात त्यांच्या रबराला तडे जाऊ शकतात. आपल्याकडे एप्रिलच्या सकाळी जिंजरमॅनवर, तळ्यावरून वारा येत असताना, पहिल्या दोन लॅप अशा टायरांवर फार जपून चालवाव्या लागतात.

उष्णतेचा दुसरा भाग इंजिनाचा आहे. एलटी4 वरचा सुपरचार्जर 1.7 लिटरचा, तुलनेने लहान आहे आणि तो मिनिटाला 20,000 फेऱ्यांपर्यंत फिरतो. दाबलेली हवा तापते, इंटरकूलरचे पाणी ती थंड करते, आणि कडक उन्हात सलग लॅप मारल्या की त्या पाण्यालाच उष्णता टाकायला जागा उरत नाही. मग संगणक इंजिन वाचवण्यासाठी ठिणगीची वेळ मागे घेतो, आणि 650 अश्वशक्ती कागदावरच राहते. 2015 आणि 2016 च्या गाड्यांबद्दल अशा तक्रारी इतक्या झाल्या की 2017 साठी बॉनेटवरच्या झरोक्यांत आणि सुपरचार्जरच्या आवरणात बदल करण्यात आले. तुम्ही पाहिलेली गाडी 2018 ची आहे, ही जमेची बाजू. तरी जुलैतल्या 20 मिनिटांच्या सत्रात तुमची साधी, सुपरचार्जर नसलेली स्टिंगरे शेवटच्या लॅपलाही पहिल्या लॅपसारखीच धावते, आणि शिकणाऱ्यासाठी हा गुण मी फार मोठा मानतो. दर लॅपला इंजिन वेगळे वागू लागले तर आपण सुधारलो की गाडी तापली, हे कळायला मार्ग राहत नाही.

तुमच्या प्रश्नात ज्या गाडीचा उल्लेखच नाही, तिच्याकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो. 2017 ते 2019 या काळात ग्रँड स्पोर्ट नावाची कॉर्व्हेट निघाली. तिला झी-06 चे रुंद अंग, तेच 285 आणि 335 चे टायर आणि मोठे ब्रेक आहेत, पण इंजिन तुमचेच, 460 अश्वशक्तीचे, सुपरचार्जर नसलेले. वळणात आणि ब्रेकखाली ती झी-06 च्या अगदी जवळ राहते आणि उष्णतेचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. टायरांचा खर्च मात्र झी-06 इतकाच येतो, ही तिची उणी बाजू. उद्या तुमचे आलेख पाहून मला वाटले की आता गाडी बदलणे योग्य आहे, तर मी प्रथम तिचेच नाव घेईन. झी-06 चे नाव मी तेव्हा घेईन, जेव्हा तुम्ही मला सांगाल की लॅपचा वेळ गौण आहे आणि तुम्हाला त्या इंजिनाचा दणका हवा आहे. ते कारणही पूर्ण प्रामाणिक आहे. काही जणांसाठी चौथ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर पाठ सीटला चिकटते तो क्षणच सगळे काही असतो, आणि त्यासाठी रोख पैसे मोजून गाडी घेणाऱ्याला मी कधी अडवले नाही. फक्त ते कारण स्वतःशी मान्य करावे, त्याला ‘ट्रॅकवर मागे पडतो’ हे नाव देऊ नये.

निवृत्तीनंतर ही गाडी पुण्याला नेण्याचा विचार तुम्ही ओझरता लिहिला आहे. तो मनातून काढून टाका. या पिढीच्या कॉर्व्हेटचे स्टिअरिंग फक्त डावीकडे मिळाले, आणि डावीकडे स्टिअरिंग असलेली वापरलेली मोटार भारतात आयात करता येत नाही. स्टिंगरे असो वा झी-06, तिचा शेवट अमेरिकेतल्या विक्रीतच आहे, म्हणून पुनर्विक्रीची किंमत आतापासून विचारात घ्या.

तरीही ती गाडी पाहायला जाणारच असाल, तर काही गोष्टी डोळ्यांखालून घाला. या, म्हणजे सातव्या पिढीच्या कॉर्व्हेटचे उत्पादन 2019 च्या अखेरीस थांबले, त्यामुळे बाजारातल्या अशा प्रत्येक झी-06 ला काही ना काही इतिहास आहे, आणि 2018 च्या गाडीची कंपनीची पाच वर्षांची पॉवरट्रेन वॉरंटीही संपली आहे. अनेक जण रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र घेऊन जातात आणि ते काहीच दाखवत नाही म्हणून निर्धास्त होतात. कॉर्व्हेटचे बाहेरचे अंग फायबरमिश्रित कंपोझिटचे आणि बॉनेट कार्बन फायबरचे आहे, आणि नेहमीचे यंत्र फक्त धातूवर चालते. अशा एका गाडीच्या तपासणीला मी गेलो होतो तेव्हा विक्रेता ‘रंग मूळचाच आहे’ असे शपथेवर सांगत होता. मी गुडघ्यावर बसून पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या आवरणाचे दोन स्क्रू काढले. आत, कधीच कोणाला दिसू नये अशा जागी, काळ्या प्लास्टिकवर लाल रंगाचे बारीक तुषार उडालेले होते. खालची ॲल्युमिनियमची फ्रेम सरळ आहे की नाही हे लिफ्टवर चढवून मोजल्याशिवाय सांगता येत नव्हते, आणि विक्रेत्याने लिफ्टला नकार दिला. आम्ही तेथूनच परत फिरलो. तुम्हीही लिफ्टची अट आधी फोनवरच घाला. चाके आतल्या बाजूने, हातात दिवा घेऊन, पूर्ण फिरवून पाहा, कारण या पिढीच्या चाकांना आतल्या कडेला तडे जाण्याच्या तक्रारी बऱ्याच झाल्या आहेत. मागचे टायर कोरे आणि पुढचे झिजलेले असतील तर जुने कुठे संपले हे विचारा.

‘ऑफर शनिवारपर्यंतच आहे’ असे डीलरने सांगितले, त्याची चिंता करू नका. 34,000 ला मिळालेली झी-51 तो लगेच 38,000 च्या वर लावणार आहे, त्यामुळे तुमची गाडी त्याला सोमवारीही हवीच असेल.

यंदाच्या हंगामासाठी मी तुम्हाला असे सुचवतो: चांगले ट्रॅक पॅड, नवे फ्लुइड, आणि चार दिवस, चारही वेळा प्रशिक्षक शेजारी. पहिल्या दिवशी क्लार्कस्टनजवळच्या वॉटरफर्ड हिल्सला जा. तो ट्रॅक लहान आहे, वळणे एकामागून एक येतात, सरळ पट्टा जेमतेम आहे, आणि तेथे 650 अश्वशक्तीवाल्यांनाही ती वापरायला जागा मिळत नाही. मग जिंजरमॅनला परत जा. सप्टेंबरअखेर पीडीआरमधल्या तुमच्या सर्वोत्तम सत्राचे सलग पाच लॅप मला पाठवा, ब्रेक आणि थ्रॉटलच्या दोन्ही रेघांसह. त्या रेघा पाहून मी तुम्हाला स्टिंगरे, ग्रँड स्पोर्ट की झी-06 हे एका वाक्यात लिहून कळवीन, आणि तोवर दरमहा 622 डॉलर तुमच्याच खात्यात राहिलेले असतील.